वॉर्डचा बिशप आणि त्याचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युटा, आयडाहो, ॲरिझोनात राहणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी कळतं, की समोरच्या घरातला दंतवैद्य किंवा ऑफिसातला मॅनेजर त्याच्या वॉर्डचा बिशप आहे आणि नोकरी सांभाळून तो हे काम फुकट करतो. ‘मग हा झोपतो कधी?’ हा प्रश्न ओघानं येतोच. तसे आणि त्यापुढचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. या चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. 2018 पासून चर्च स्वतः पूर्ण नावाचाच आग्रह धरतं. इथे सोयीसाठी ‘चर्च’ म्हटलं आहे.

1. बिशप म्हणजे पाद्रीच ना? मग पगार का नाही?

स्थानिक मंडळीला वॉर्ड म्हणतात. प्रत्येक वॉर्डाची भौगोलिक हद्द ठरलेली असते आणि त्या हद्दीतल्याच एखाद्या सभासदाला बिशप नेमतात. कॅथलिक बिशपसारखा तो धर्मप्रांताचा प्रमुख नसतो. त्याच्यासाठी सेमिनरीचं शिक्षण नाही, मानधन नाही, राहायला घर नाही. प्लंबर, वकील, शाळामास्तर, कोणीही पुरुष सभासद असू शकतो. त्याच्या हाताखाली दोन सल्लागार, एक क्लार्क आणि एक कार्यकारी सचिव असतात. तेही बिनपगारी. काही वॉर्ड मिळून स्टेक होतो आणि स्टेक अध्यक्षही आपली नोकरी सांभाळूनच काम करतो. 2024 पासूनच्या नियमानं नव्या वॉर्डाला किमान 250 सभासद लागतात. युटात मात्र याहून बरेच मोठे वॉर्ड दिसतात, तेही चार-पाच गल्ल्यांत मावणारे.

2. आठवड्याला नक्की किती तास जातात?

चर्चनं असा आकडा ठरवून दिलेला नाही. बऱ्यापैकी चाललेल्या, मध्यम आकाराच्या अमेरिकन वॉर्डात ढोबळ हिशोब असा बसतो: रविवारी 6 ते 9 तास, आठवड्यातल्या एका संध्याकाळी तरुण मुलांचा कार्यक्रम 2 ते 3 तास, दुसऱ्या एका संध्याकाळी भेटी आणि मुलाखती (म्हणजे एकेका सभासदाशी समोरासमोर बोलणं) 2 ते 4 तास, आणि फोन, मेसेज, घरी किंवा इस्पितळात जाणं हे सुटंसुटं 3 ते 5 तास. बेरीज 13 ते 21. ज्या आठवड्यात मयत होतं, कोणाचा संसार मोडायला येतो किंवा एखाद्या घरातली कमाई बंद होते, त्या आठवड्यात हा आकडा तिशीला भिडतो.

पण खरी दमछाक बेरजेमुळे होत नाही. हे तास वेळापत्रकात बसत नाहीत, त्रास त्याचा असतो. रविवारचे आठ तास आधीपासून ठाऊक असतात. बुधवारी रात्री सव्वादहाचा फोन ठाऊक नसतो.

3. रविवारी चर्च दोनच तास असतं म्हणतात. मग आठ-नऊ तास कुठून आले?

2019 च्या जानेवारीपासून सभासदांसाठी रविवारची उपासना तीन तासांवरून दोन तासांवर आली: 60 मिनिटांची साक्रामेंट सभा (सगळ्यांची मुख्य उपासना), मध्ये 10 मिनिटं, मग 50 मिनिटांचे वर्ग. बिशपचा दिवस मात्र या दोन तासांच्या दोन्ही बाजूंना पसरतो. 9 ची सभा असलेल्या वॉर्डाचा एक नेहमीचा रविवार पाहा.

साडेसहाला बिशपरिकची बैठक, म्हणजे बिशप, दोन सल्लागार, क्लार्क आणि सचिव. पुढच्या रविवारी बोलणार कोण, रिकाम्या झालेल्या जबाबदाऱ्या कोणाला द्यायच्या, कोण बरेच दिवस दिसलं नाही, हे विषय. साडेसातला वॉर्ड कौन्सिल, त्यात महिलांच्या रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षा, प्रौढ पुरुषांच्या गटाचे, म्हणजे एल्डर्स क्वोरमचे, अध्यक्ष, मुलांच्या विभागाचे प्रमुख. पावणेनऊला दारात उभं राहून हस्तांदोलन. इथेच तीन जण ‘दोन मिनिटं बोलायचं होतं’ म्हणतात. 9 ते 10 व्यासपीठावर. नंतर मुलांच्या वर्गांत, कारण 16 वर्षांपासून पुढच्या मुलांच्या प्रीस्ट क्वोरमचा अध्यक्ष बिशपच असतो. 11 नंतर कार्यालयात एकामागून एक मुलाखती, दीड-दोनपर्यंत. तोवर एक सल्लागार आणि क्लार्क मिळून आलेल्या दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानाची) पाकिटं उघडतात, दोघं मिळून मोजतात आणि त्याच दिवशी बँकेत भरायला नेतात. हे काम एकट्यानं करायचं नाही, असा नियम आहे.

एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड असतील तर दर जानेवारीत वेळा फिरतात. दुपारची सभा वाट्याला आलेल्या बिशपचा रविवार उशिरा सुरू होतो आणि अंधार पडल्यावर संपतो.

4. एवढे मदतनीस असताना कामं वाटून का देत नाहीत?

बरीचशी देता येतात आणि द्यायलाच हवीत. थकलेल्या बिशपची डायरी उघडली तर निम्म्या नोंदी सल्लागारांच्या असायला हव्या होत्या, असं हमखास दिसतं. वक्ते ठरवणं, खुर्च्या, इमारतीच्या किल्ल्या, कार्यक्रमांची आखणी, टेम्पल रेकमेंडचं (चर्चच्या खास मंदिरात, म्हणजे टेम्पलमध्ये, जायच्या परवान्याचं) नूतनीकरण, मुलांच्या वर्षातल्या दोन मुलाखतींपैकी एक, ही कामं सल्लागार करू शकतात. मुलाखतींच्या वेळा कार्यकारी सचिवानं ठरवायच्या. ज्या वॉर्डात लोक वेळेसाठी थेट बिशपला मेसेज करतात, तिथे सचिव नुसता नावाला उरतो आणि बिशप स्वतःचाच रिसेप्शनिस्ट होऊन बसतो.

देता न येणारी कामं मोजकी, पण जड. गंभीर पापाची कबुली ऐकणं, उपवासदानातून (प्रश्न 7 पाहा) कोणाला मदत द्यायची हे ठरवणं, वर्षाअखेरीची दशांशाची भेट, धर्मप्रचाराच्या मिशनवर जाणाऱ्या आणि पहिल्यांदा टेम्पलमध्ये जाणाऱ्या सभासदाची मुलाखत, सदस्यत्व परिषद (गंभीर चुकीनंतर कोणाच्या सदस्यत्वाचा निर्णय करणारी बैठक). ही कामं बिशपचीच. यातलं कोणतंही घाईनं उरकता येत नाही आणि बहुतेकांबद्दल घरी चकार शब्द काढता येत नाही.

5. मधल्या काळात बिशपचा भार कमी केला म्हणतात, ते खरं का?

कागदावर नक्कीच. 2018 च्या एप्रिलमध्ये वॉर्डातले हाय प्रीस्ट आणि एल्डर्स हे प्रौढ पुरुषांचे दोन गट एक झाले आणि जुन्या ‘होम टीचिंग’ची (ठरलेल्या घरी दरमहा भेट) जागा ‘मिनिस्टरिंग’नं (गरजेप्रमाणे विचारपूस) घेतली. प्रौढांची विचारपूस, घर बदलणाऱ्याला मदत, नव्या बाळंतिणीच्या घरी जेवण, हे एल्डर्स क्वोरम आणि रिलीफ सोसायटीनं पाहायचं. 2020 पासून वॉर्डातलं वेगळं यंग मेन अध्यक्षमंडळ बंद झालं आणि तरुण मुलांची थेट जबाबदारी बिशपरिककडे आली. 2019 अखेरीस चर्चनं बॉय स्काउट्सशी असलेलं नातंही संपवलं, त्यामुळे कॅम्प आणि बॅजची कागदपत्रं गेली.

थोडक्यात, प्रौढांचा भार दुसरीकडे द्या आणि तो वेळ मुलांना द्या, हा आदेश. मुलांचा भार आला लगेच, प्रौढांचा मात्र सगळीकडे गेला नाही. चाळीस वर्षं ‘बिशपला विचारू’ म्हणणारी पिढी एल्डर्स क्वोरमच्या अध्यक्षाकडे सहजासहजी जात नाही. इथे बिशपला सौम्यपणे पण ठामपणे त्या अध्यक्षाचं दार दाखवावं लागतं, आणि ते पहिल्या सहा महिन्यांतच. नंतर जमत नाही.

6. वर्षातला सगळ्यात जड काळ कोणता?

नोव्हेंबर-डिसेंबर. सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा दशांश म्हणून देतात आणि वर्षाअखेरीला प्रत्येक कुटुंब बिशपसमोर बसून आपण पूर्ण दशांश दिला की नाही ते सांगतं. समजा 130 घरं, प्रत्येकी 12 मिनिटं. झाले 26 तास, आणि तेही नेहमीच्या कामाच्या वर. आठ रविवारांत बसवायचं तर दर रविवारी सव्वातीन तास. आता या भेटी 1 सप्टेंबरपासूनच सुरू करता येतात. शहाणा बिशप वयस्कर आणि सुट्टीत बाहेरगावी जाणाऱ्या घरांना सप्टेंबरमध्येच बोलावतो. बारा मिनिटांची भेट चाळीस मिनिटांवर जाते ती पैशांमुळे नव्हे. मुलं खोलीबाहेर गेली, की आई थांबते आणि म्हणते, ‘आणखी एक सांगायचं होतं.’ म्हणून दर चार-पाच घरांनंतर एक जागा मोकळी सोडतात.

दुसरं ओझं वर्षभर पसरलेलं. वॉर्डात 50 तरुण मुलं-मुली असतील तर वर्षातून एकदा बिशपनं प्रत्येकाला स्वतः भेटायचं, म्हणजे 20 मिनिटांच्या हिशोबानं जवळपास 17 तास. हे आठवड्याला एक याप्रमाणे आपोआप उरकतं, पण लक्षात राहिलं तरच. नाहीतर ऑक्टोबरात तीस नावं शिल्लक राहतात आणि वरून दशांशाच्या भेटी येऊन आदळतात.

7. आर्थिक मदतीच्या एका प्रकरणात किती वेळ जातो?

वाटतं त्यापेक्षा जास्त, कारण चेक फाडून देऊन मोकळं होता येत नाही. साधारण महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद दोन वेळचं जेवण टाळून त्याचे पैसे उपवासदानात देतात. गरजूंना मदत त्यातून होते. मदत द्यायची का आणि किती, हे फक्त बिशप ठरवतो.

समजा कोणी म्हणालं, ‘या महिन्याचं भाडं थकलंय.’ पहिली भेट 45 मिनिटांची: उत्पन्न किती, खर्च किती, नातेवाईक काय करू शकतात, सरकारी मदतीचा अर्ज केला का, घरातलं माणूस बदल्यात काय काम करू शकेल. मग रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षा किंवा एल्डर्स क्वोरमचे अध्यक्ष घरी जातात, स्वयंपाकघरात पीठ, तेल, दूध, डायपर काय आहे आणि काय नाही ते पाहून यादी करतात. जवळ बिशप्स स्टोअरहाउस (गरजूंसाठीचं चर्चचं किराणा कोठार) असेल तर बिशपच्या मंजुरीनं त्या यादीप्रमाणे किराणा मिळतो. भाडं शक्यतो थेट घरमालकाला आणि वीजबिल थेट कंपनीला जातं, सभासदाच्या हाती रोख रक्कम देत नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा भेट. नोकरी लागेपर्यंत हे चक्र चालू राहतं. एका घरामागे महिन्याला तीन-चार तास धरा.

हमखास चुकतं ते पहिल्या भेटीत. घाईत बजेट न विचारता भाडं भरलं, तर पुढच्या महिन्यात तेच घर तोच आकडा घेऊन येतं आणि आता नाही म्हणणं दसपट अवघड होतं.

8. लोकांचे मानसिक, वैवाहिक प्रश्न तो तासन् तास ऐकत बसतो का?

बसू नये. बिशप हा थेरपिस्ट नाही आणि चर्चच्या मार्गदर्शनातही व्यावसायिक समुपदेशकाकडे पाठवण्याची वाट दाखवली आहे. खर्च परवडत नसेल तर उपवासदानातून तोही देता येतो (प्रश्न 7). एकाच जोडप्याला दर आठवड्याला दीड तास, असं तीन महिने चाललं तर बिशपचा वेळ गेला आणि जोडप्याचेही तीन महिने गेले, असं समजावं. श्रद्धा, पश्चात्ताप, प्रार्थना हा त्याचा भाग. नैराश्य, व्यसन, मारहाण हा दुसऱ्यांचा.

स्त्रियांना किंवा मुलांना भेटताना शेजारच्या खोलीत किंवा बाहेरच्या व्हरांड्यात दुसरं प्रौढ माणूस असावं लागतं आणि हवं असेल त्याला कोणाला तरी सोबत आतही आणता येतं. म्हणजे प्रत्येक संध्याकाळी आणखी एका माणसाचा वेळ. ते माणूस आलं नाही तर भेट पुढे ढकलायची, ‘चालतंय’ म्हणायचं नाही.

9. रात्री-अपरात्री फोन कशासाठी येतात? सगळे उचलायचे का?

मृत्यू, अपघात, आत्महत्येची भीती, घरातली मारहाण, अटक, हे तातडीचं. बाकी ‘उद्या चर्चचा हॉल मोकळा आहे का’ हे सचिवाचं.

मुलाच्या किंवा जोडीदाराच्या छळाची माहिती कळली, की बिशपनं त्याच वेळी चर्चच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो. अमेरिका आणि कॅनडात ती चोवीस तास चालते. पोलिसांना किंवा बालसंरक्षण खात्याला कळवण्याचं कायदेशीर बंधन राज्याराज्यात वेगळं आहे, तेव्हा अंदाजानं वागायचं नाही. कोणी आत्ता धोक्यात असेल तर आधी 911, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर. अशा एका प्रकरणात पुढचे कित्येक आठवडे गुंततात आणि त्यात काटकसरीला जागा नाही.

मयताचा आठवडा धावपळीचा असला तरी त्याची घडी बसलेली असते: घरी भेट, अंत्यविधीचा कार्यक्रम ठरवणं, त्याचं अध्यक्षपद, दफनभूमी. रिलीफ सोसायटी जेवणाचं पाहते. 8 ते 12 तास जातात. म्हाताऱ्यांचा वॉर्ड असेल तर हा मोठाच हिशोब. पुढे चर्चचे अध्यक्ष झालेले थॉमस मॉन्सन 1950 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी सॉल्ट लेक सिटीत बिशप झाले, तेव्हा त्यांच्या वॉर्डात हजारावर सभासद होते आणि त्यांत ऐंशीहून अधिक विधवा.

10. माझा मॅनेजर आता बिशप झालाय. कामावर काय फरक पडेल?

रजेची वेगळी सोय नसते, तो स्वतःचीच रजा वापरतो. मंगळवार-बुधवारपैकी एका संध्याकाळी सहानंतरची मीटिंग त्याला नको असेल, कारण मुलांचा कार्यक्रम बहुधा तेव्हा असतो. सोमवारची संध्याकाळ चर्चनंच कुटुंबासाठी राखून ठेवली आहे, त्या वेळी सभा ठेवत नाहीत. उन्हाळ्यात मुलांच्या कॅम्पसाठी काही दिवस बाहेर. दुपारी अचानक दार लावून फोनवर बोलताना दिसला तर विषय विचारू नका.

मोठ्या हुद्द्यावर असताना हे जमतं का? उद्योजक आणि राजकारणी मिट रॉम्नी 1981 ते 1986 बॉस्टनजवळच्या बेलमाँटमध्ये बिशप होते आणि त्याच काळात, 1984 मध्ये, त्यांनी बेन कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी सुरू केली. नंतर 1994 पर्यंत ते स्टेक अध्यक्ष होते. पण अशा माणसाच्या हाती स्वतःचं वेळापत्रक असतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बिशपला हे जास्त जड जातं, आणि त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

पदरचा पैसाही जातो. अमेरिकी करकायद्यात वेळेची किंमत वजा करता येत नाही. गाडीच्या खर्चासाठी वजावट घेणाऱ्यांना धर्मादाय कामाचा दर मैलामागे 14 सेंट धरता येतो. दौऱ्यांची वही ठेवली तरच.

11. बायको-मुलांचं काय?

बिशपच्या बायकोला त्या नात्यानं कोणतंही पद नाही. पण रविवारी नवरा व्यासपीठावर आणि ती तीन पोरांना घेऊन बाकावर, हे चित्र कोणत्याही वॉर्डात दिसेल. नेमणुकीआधी स्टेक अध्यक्ष साधारणपणे दोघांशीही बोलतो. त्याच वेळी तिनं स्पष्ट विचारावं: आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी हा घरी असेलच? टिकणारी व्यवस्था ‘जमेल तेव्हा’ची नसते. वार ठरवून सचिवाच्या कॅलेंडरमध्ये ते आधी बंद करावे लागतात. आणि गावभरची गुपितं त्याच्याजवळ असतात, पण तिला त्यातलं काही कळत नाही. लोक मात्र तिला सगळं ठाऊक आहे असं धरून चालतात.

12. हे किती वर्षं चालतं? नाही म्हणता येतं का?

साधारण पाच वर्षं. मुदत लिहून दिलेली नसते. स्टेक अध्यक्ष शिफारस करतो, सॉल्ट लेकहून मंजुरी येते आणि वॉर्डातले सभासद हात वर करून पाठिंबा देतात. नाही म्हणता येतं. आजारपण, घरातली गंभीर अडचण, नोकरीचं संकट ही कारणं विचारली तेव्हाच सांगावीत. मध्येच परिस्थिती बदलली तर स्टेक अध्यक्षाला सांगून मोकळं होता येतं. मात्र अनेकांना मागणं कमीपणाचं वाटतं आणि ते फरफटत राहतात. वॉर्डाच्या हद्दीबाहेर घर घेतलं तर नेमणूक सहसा संपतेच.

13. बिशपच्याच घरात मदत लागली किंवा गंभीर चूक झाली तर?

त्याचं सगळं स्टेक अध्यक्षाकडे. बिशपची स्वतःची दशांशाची भेट स्टेक अध्यक्षासोबत होते. स्वतःला किंवा कुटुंबाला उपवासदानातून मदत हवी असेल तर त्याची लेखी परवानगी लागते. सदस्यत्व परिषदेसाठीही, कोणत्याही सभासदाची असो, आधी स्टेक अध्यक्षाची संमती हवी. ही प्रकरणं वेळखाऊ असतात: तयारी, परिषद आणि नंतर महिनोन् महिने भेटी.

14. प्रोव्होतल्या (युटातलं विद्यापीठाचं गाव) अविवाहित विद्यार्थ्यांच्या वॉर्डाचा बिशप सुटला म्हणायचा का?

उलट. तिथे लहान मुलं नाहीत, मयतं जवळपास नाहीत, पण सगळेच सभासद मुलाखतीच्या वयाचे. दर सत्राला खोल्या बदलतात तसे अर्धे चेहरे बदलतात. नवीन जबाबदाऱ्या द्या, टेम्पल रेकमेंड तपासा, लग्नं ठरतात, मोडतात. चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठात शिकायचं तर दरवर्षी धर्मप्रमुखाची शिफारस लागते, तीही मुलाखत घेऊन. ती मुदत जवळ आली की बिशपच्या खोलीबाहेर रांग लागते. हा बिशप बहुधा दुसऱ्या वॉर्डातून आलेला असतो, त्यामुळे बायको-मुलांची पंचाईत वेगळी.

15. मुंबई-पुण्यात हेच काम कोण करतं?

सभासद थोडे असले की वॉर्डाऐवजी शाखा असते आणि बिशपऐवजी शाखाध्यक्ष. भारतातला पहिला स्टेक 2012 मध्ये हैदराबादला झाला. मुंबई-पुण्यात छोट्या शाखा आहेत. छोटी शाखा म्हणजे कमी काम, हा गैरसमज. मुलाखती कमी, पण मदतनीसही कमी. भाड्याच्या हॉलची किल्ली, माइक, हिशोब, वक्ता आला नाही तर भाषण, हे फिरून त्याच्याकडेच येतं. शिवाय माणसं लांबून येतात. मुंबईत रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा सभा आणि बैठका एकाच फेरीत उरकाव्या लागतात. भेटी घरी जाऊन घ्यायच्या तर जाण्या-येण्यातच तीन तास. म्हणून सल्लामसलत फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीचीच कामं रविवारी, ही वाटणी करावी लागते.

16. आम्ही हिंदू. शेजारी बिशप आहे, त्याला काही सांगायचं तर त्रास दिल्यासारखं होईल का?

नाही. त्याच्या वॉर्डाच्या हद्दीत राहणाऱ्या, चर्चबाहेरच्या लोकांनाही तो ओळखू पाहतो. फक्त वेळ पाहा. रविवार सकाळ आणि मुलांच्या कार्यक्रमाची संध्याकाळ सोडून, शनिवारी सकाळी तो लॉनवर मशीन फिरवत असतो तेव्हा गाठा. घर बदलताना चार हात हवे असतील तर थेट त्याला न सांगता एल्डर्स क्वोरमच्या अध्यक्षाचा नंबर मागा (प्रश्न 5 पाहा). बिशप नंबर देईल, लोक येतील, पिकअपही येईल. चहा-कॉफी मात्र विचारू नका, ते पीत नाहीत. पन्हं चालतं.